बंबवाल्यांच्या इमारतीतला धूर

बाबा, काल आमच्या सोसायटीत बंब आला होता. घाबरू नका, फार काही झालं नाही. लिफ्टच्या वरच्या खोलीतली मोटर तापून तिची वायर जळत होती. पण ती सापडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण जिन्यात धूर दिसतोय, वास येतोय आणि कुठून येतोय ते कुणालाच सांगता येईना. जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत होता. गुडघ्यांमुळे मी काही खाली उतरले नाही, आपल्या दारातच उभी राहिले. बोरीवलीतल्या मोठ्या सोसायट्यांत आता सेक्रेटरी नावाचा एक प्राणी असतो, तो आलेल्या अधिकाऱ्यामागे 'अहो, आधी आत चला ना' करत फिरत होता. तो अधिकारी मात्र इमारतीला बाहेरून एक अख्खी फेरी मारून, वर बघत बघत, मगच आत आला. पोरगेलासाच होता. हातात भिंतीतली उष्णता दाखवणारा कॅमेरा होता, आणि तरीही आमच्या मजल्यावर आल्यावर त्याने हातमोजा काढून उलटा हात दाराला लावला. मला एकदम तुम्ही दिसलात. शेजारच्या आजोबांच्या दाराशी तो थांबला, आतल्या आजोबांशी दोन वाक्यं बोलला आणि दार न उघडताच वर निघून गेला. आजोबांची सून माझ्या बाजूला उभी होती, ती रडायलाच लागली, म्हणाली, 'काकू, असा कसा हा सोडून गेला?' मी तिचा हात धरून ठेवला आणि जाऊ दे त्याला, असं सांगितलं. रात्री झोपायच्या आधी लक्षात आलं की हे मी तुम्हाला कधीच म्हटलेलं नाही. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर लिहायला बसले आहे.

आपण राहायचो ती आग्रा रोडच्या कडेची क्वार्टर्सची इमारत आता नाही. पुढे अग्निशमन केंद्र, अंगणात लाल बंब, आणि मागे आपली तीन मजली इमारत, तीत सगळी बंबवाल्यांचीच बिऱ्हाडं. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील घरी आले की त्यांच्या कपड्यांना कारखान्यातल्या तेलाचा वास यायचा, कुणाच्या औषधांचा. आपल्या इमारतीतल्या सगळ्या बापांना धुराचा वास यायचा. जिन्यात धुराचा वास आला की बायका आत जाऊन चहाचं आधण ठेवायच्या, पाळी सुटून नवरे आले म्हणून. आम्हा पोरांना तर त्या वासानं झोप लागायची. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसेल, पण साऱ्या उपनगरात धुराला घाबरत नसलेली एकच इमारत असेल तर ती आपली होती. पुढे जे झालं ते याच सवयीनं झालं.

तुम्ही मात्र घाबरायचात. घाबरायचात म्हणजे आगीला नव्हे. आगीची वर्दी आली की तुम्ही बूट चढवताना शिट्टी वाजवायचात, हे मी गॅलरीतून कितीदा ऐकलंय. आग दिसते, कुठे आहे ते कळतं, पाणी मारायचं. पण 'धूर येतोय, कुठून ते माहीत नाही' अशी वर्दी आली की तुमची शिट्टी बंद. त्या दिवशी उशिरा जेवायला बसलात की तुम्ही आईला सगळं सांगायचात आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. अशा ठिकाणी पाण्याला हात लावायचा नाही म्हणायचात, आधी तोंड उघडायचं. धूर पहिल्यांदा कुणाला दिसला, त्या माणसाला गाठायचं. मग विचारायचं, आज कुणाच्या घरात रोजच्यापेक्षा वेगळं काय चाललंय? कुणाकडे रंगकाम आहे, कुणाकडे पाहुणे आहेत, कुणी गावाला गेलंय, कुणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे. आई म्हणायची, तुम्ही बंबवाले आहात की लग्नं जुळवणारे? मुलुंडच्या एका घरात तुम्ही असाच तासभर शोध घेतला होतात. माळे काढले, पलंग हलवले, आणि शेवटी देव्हाऱ्यावरच्या ट्यूबलाइटचा चोक जळत होता. त्या बाईंनी तुम्हा सगळ्यांना प्रसादाचा शिरा खायला घातला, आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, शिऱ्यात वेलची कमी होती.

एकदा मी तुमची बोलणी खाल्ली होती, ती आठवतात का? कॉलेजात होते. स्टोव्हवर दूध ठेवून मी मैत्रिणीशी गप्पा मारत बसले, दूध जळलं, घर धुरानं भरलं. तुम्ही यायच्या आत मी सगळ्या खिडक्या उघडून सुपानं धूर बाहेर घालवत होते. तुम्ही दारात उभे. दुधाबद्दल एक शब्द बोलला नाहीत. म्हणालात, 'धूर घालवायची एवढी घाई कशाला? तो कुठून आला ते आधी बघितलंस का?' मी म्हटलं, दुधाचाच तर आहे, समोर पातेलं दिसतंय. तर तुम्ही आत येऊन स्टोव्ह उचलून बघितलात, मागची भिंत चाचपलीत, ओट्याखालचं पोतं बाहेर काढून झटकलंत, आणि मग हातपाय धुवायला गेलात. मला भयंकर राग आला. एवढंसं दूध, आणि हा माणूस पोतं झटकतोय.

त्याच रात्री जेवताना तुम्ही घाटकोपरच्या त्या चाळीची गोष्ट सांगितलीत. तुम्ही नवे होतात तेव्हा. असाच धूर, असाच पत्ता नाही. तळमजल्यावर एका खोलीत करपलेलं दूध सापडलं, सगळे हसले, तुम्हीही हसलात आणि बंब घेऊन परत आलात. तासाभरात पुन्हा वर्दी. वरच्या मजल्यावर लाकडी भिंतीच्या पोटात वायर केव्हाची जळत होती. माणसं वाचली पण एका म्हाताऱ्या जोडप्याचं सगळं घर गेलं, आणि ते दोघं रस्त्यावर उभे राहून तुम्हाला नमस्कार करत होते, आलात म्हणून. तुम्ही म्हणालात, एक धूर सापडला म्हणजे तोच तो धूर असं नाही. तुमचा घास हातात तसाच होता. आईनं विषय बदलला आणि ताकाचं भांडं पुढे केलं.

आता त्या दुपारकडे येते. तुम्ही त्या दिवसाबद्दल फार बोलला नाहीत आणि मीही टाळलं, त्यामुळे माझ्या बाजूने काय काय दिसलं ते तुम्हाला कधी कळलंच नाही.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मे महिना, अंगाची लाही होतेय, आणि आईचं बाळंतपण म्हणजे तुमच्या खात्याच्या नियमांपेक्षा कडक. मालिश, कढत पाण्याचं न्हाणं, मग बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, शेपा आणि वावडिंग टाकून मला आणि बाळाला धुरी. खिडकी बंद. दाराच्या फटींत आईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून बसवलेल्या, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. वारा लागला तर उतारवयात कंबर धरते म्हणायची. चिंध्या कोंबूनही ती धरलीच आहे, वर भेटली तर सांगा तिला. त्या दिवशी धुरी झाली, आईनं शेगडी मोरीत नेऊन निखाऱ्यांवर पाणी ओतलं, त्याचा चर्र आवाज मी बाजेवरून ऐकला. मग ती दुपट्यांची बादली घेऊन खाली अंगणात वाळत घालायला गेली. जाताना दार ओढून घेतलं. मी आतून कडी लावली, बाळ पोटभर पिऊन झोपलं, आणि माझेही डोळे मिटायला लागले.

जिन्यात धुराचा वास सकाळपासूनच होता, हे नंतर सगळ्या बायका सांगू लागल्या. पण आदल्या रात्री भांडुपकडे कापसाच्या कचऱ्याचं एक गोदाम पेटलं होतं, अर्धी इमारत तिकडे जाऊन पहाटे परतली होती. वास येणारच, म्हणून कुणी मानही वर केली नाही. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत तासभर आधी ओरडा झाला असता. आपल्याकडे जिन्याचे कठडे दिसेनासे झाले तेव्हा तळमजल्यावरची एक बाई धावत केंद्रात गेली. पन्नास पावलांवर केंद्र आणि बंबवाल्यांनाच धुराची वर्दी. तुमची माणसं हसत उठली म्हणे. तुम्ही हसला नाहीत.

पुढचं मला आईनं, आणि मागाहून सगळ्यांना विचारून घेतलेल्या तंडेलांच्या बायकोनं सांगितलं ते असं. तंडेल म्हणजे तुमच्या हाताखालचे मुख्य बंबवाले, आपल्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर राहायचे ते. तुम्ही अंगणात आलात तेव्हा सगळ्या बायका पोरांना घेऊन खाली उतरल्या होत्या, आणि सगळ्यांचं एकमत झालं होतं. साहेबांच्या घरी बाळंतीण आहे, धूर दुसऱ्या मजल्यावर जास्त आहे, म्हणजे शेगडीच. साहेबांच्याच घरातून धूर, म्हणून तोंडाला पदर लावून हसणंही चाललं होतं. आई दुपटं हातात घेऊन उभी, चेहरा पांढराफटक. ती जिन्याकडे धावली तर तुम्ही तिला आडवा हात घातलात. विचारलंत, निखारे कुठे आहेत? ती म्हणाली मोरीत, पाणी घातलंय. तुम्ही पुन्हा नक्की का विचारलंत, तेव्हा तिनं तुमच्याकडे असं बघितलं की तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही तिचा शब्द धरलात, बाबा. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना शेगडी हवी होती, कारण शेगडी असती तर विषय संपला असता आणि जो तो घरी गेला असता. तुम्हालाही ते किती सोयीचं होतं. सरळ आपल्या घरात शिरायचं, मुलीला आणि नातवाला उचलायचं, कुणी नावं ठेवली नसती.

तुम्ही बाहेरून फेरी मारलीत. मग अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला विचारलंत, तुमच्या घरचं कोण कुठे आहे. तंडेलांचं बिऱ्हाड कुठे दिसेना. कुणीतरी म्हणालं, त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, बाई मघाशी पिशवी घेऊन स्टेशनकडे भाजीला गेली, पोरं मावशीकडे आहेत, घरात कुणी नाही. पण पहाटे गोदामावरून तंडेलांना 'जा, झोप काढ' म्हणून तुम्हीच घरी पाठवलं होतंत. पाळी करून आलेल्या नवऱ्याची झोप मोडू नये, कुणी दार वाजवू नये, म्हणून आपल्या इमारतीतल्या बायका बाहेर जाताना सरळ कुलूप लावून जायच्या. आईही तेच करायची. ही आपल्याच लोकांची पद्धत, आणि त्या दिवशी आपल्याच लोकांना तिचा विसर पडला होता.

मला यातलं काही ठाऊक नाही. मी बाजेवर आहे. बाहेर गलका ऐकून उठून बसले आहे. खोलीत धुरीचा वास आहे, त्यात दुसरा कुठला वास मिसळलाय का ते मला कळत नाहीये. दाराकडे बघते तर चिंध्यांच्या वरच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ आत येतेय.  कडी काढायला उठले आणि तेवढ्यात बाहेरून दारावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. तो तुमचा हात होता, वरपासून खालपर्यंत फिरवलेला. मग तुमचा आवाज.

'आत किती जण आहात, बाई?'

मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही की कुणाचं दार आहे. मी म्हटलं, 'बाबा, मी आहे.'

'किती जण?'

'मी आणि बाळ.'

'दार उघडू नका. खिडकी उघडा आणि बाळाला घेऊन खिडकीत बसा. एक फडकं ओलं करून वरच्या फटीत लावा. श्वास नीट येतोय?'

मी हो म्हटलं. तुम्ही गेला नाहीत. दाराखालच्या फटीत चिंध्या होत्या, तुमचे बूट मला दिसत नव्हते, पण तुम्ही तिथेच आहात हे कळत होतं. मग बाळ रडायला लागलं. जोरात, अगदी बेंबीच्या देठापासून. दोन क्षण तुम्ही ते ऐकत राहिलात, आणि मग तुमची पावलं जिन्यानं वर गेली. खाली नाही, आत नाही, वर.

बाबा, आयुष्यात मला कुणी इतकं एकटं टाकलं नव्हतं. मी खिडकी उघडली, फडकं ओलं केलं, सांगितलं ते सगळं केलं, पण करताना रडत होते आणि तुम्हाला शिव्या देत होते. परक्या बाईला म्हणावं तसं 'बाई' म्हणालात. 'उघडू नका' म्हणालात. स्वतःच्या पोरीला. खिडकीतून खाली आई दिसली. तिनं मला बघितलं, मी बाळाला उंच करून दाखवलं, आणि ती मटकन अंगणात बसली. वर दारावर घण बसत होते. कुलूप तुटल्याचा आवाज आला, मग धावपळ, मग तुमचा आवाज, पाणी मागणारा. थोड्या वेळानं जिन्यातून जड पावलं खाली उतरली, आणि खिडकीतून मला दिसलं की चौघांनी एका माणसाला उचलून बाहेर आणलंय. त्याचे हात खाली लोंबत होते. ते तंडेल होते. रोज सकाळी मला खालून हाक मारून 'बाळराजे काय म्हणतात?' विचारणारे.

झालं होतं असं. गोदामावरून परतताना त्यांच्या कोटाचं एक बटण तुटलं होतं. कोट खाली शेडमध्ये टांगून ठेवायचा हा तुमचा नियम. पण बायको बटण लावून देईल म्हणून त्यांनी तो घरी नेला आणि घडी घालून गाद्यांच्या वळकटीवर ठेवून दिला. बाहीच्या दुमडीत त्या गोदामातला कापसाचा एक धगधगता कण अडकलेला. तो कोटातून गादीत उतरला आणि सकाळभर आत धुमसत राहिला. ज्वाळा नाही, आवाज नाही. तुम्ही मागाहून मला सांगितलंत की धुमसणारा धूर खोलीबाहेर पडून निवला की आळशी होतो, वर चढायचा त्याला कंटाळा, तो जिन्यानं खाली उतरतो, म्हणून जास्त धूर आपल्या मजल्यावर होता आणि आग वरच्या. तंडेल उन्हाळा म्हणून फरशीवर चटई टाकून झोपले होते, खालची हवा त्यातल्या त्यात बरी होती, म्हणून उरले. आणखी थोडा उशीर झाला असता तर डॉक्टरांच्या हातातही काही नव्हतं. त्यांची बायको भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आली तेव्हा तिचा नवरा अंगणात आडवा होता आणि तुम्ही त्याच्या तोंडाजवळ वाकला होतात. ती गादी खाली फेकली, फाडली, तरी पोटातला कापूस लाल होता. आपल्या अंगणात मी तोवर कधी काही जळताना पाहिलं नव्हतं.

सगळं निवल्यावर, वरचे माळे बघून, दुसऱ्या मजल्याच्या भिंती पुन्हा चाचपून, तुम्ही आपल्या दाराशी आलात आणि म्हणालात, 'आता उघड गं.' मी उघडलं. तुमचं तोंड काळं झालं होतं. तुम्ही बाळाला हात लावला नाहीत, कारण हात घाण होते. मी तुमच्याशी बोलले नाही आणि आत वळले.

आई तर किती दिवस बोलली नाही. पान वाढायची, ताट समोर सरकवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. एकदाच बोलली, तुम्ही अंघोळ करून जेवायला बसलात तेव्हा. राग आला की ती थेट मालवणला पोहोचायची. 'पोरगी आत असताना तुमी वर गेलात कसे? तुमचां काळीज खंय होतां?' तुम्ही पानावर बोट फिरवत राहिलात. मी आतून ऐकत होते आणि मला वाटत होतं, बरं झालं, कुणीतरी विचारलं.

उत्तर तुम्ही मला दिलंत, काही दिवसांनी, स्वयंपाकघरात. मी बाळासाठी पाणी उकळत होते. तुम्ही ओट्याला टेकून उभे राहिलात, विचारलं नसताना बोलायला लागलात. दार गार होतं म्हणालात. जिन्यात धूर होता, तुला बाहेर काढली असती तर त्याच धुरातून काढावी लागली असती, एवढ्याशा जिवाला घेऊन. बंद खोली, उघडी खिडकी, यापेक्षा चांगली जागा त्या इमारतीत तेव्हा नव्हती. आणि फटीतल्या चिंध्या. त्या चिंध्यांनी धूर अडवला, हे तुझ्या आईला सांग, माझं ती ऐकणार नाही. मी सांगितलं. संध्याकाळी तुमच्या पानात सोलकढी आली. मी तुम्हाला 'बाई' म्हणण्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही ओट्यावरचा चहाचा कप उचललात. मग म्हणालात, 'तुला नावानं हाक मारली असती तर पाय उचलला नसता मला.' आणि कप घेऊन गॅलरीत गेलात.

खरं सांगते, त्या वेळी मला ते पुरलं नव्हतं. डोक्याला पटलं, मनाला नाही. मनाला पटायला बरीच वर्षं गेली. बँकेत असताना एकदा माझ्या हाताखाली माझीच मावसबहीण लागली आणि तिला परकी धरावं लागलं, तेव्हा थोडं पटलं. माझा मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला आणि त्याच्या दाराशी उभं राहून आत न जाण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा आणखी पटलं. आणि काल, तो पोरगेलासा अधिकारी आजोबांच्या दारावरून पुढे गेला आणि त्याच्या मानेवरची शीर तटतटलेली मी जवळून बघितली, तेव्हा उरलेलं. त्या दुपारी दाराच्या तुमच्या बाजूला काय चाललं असेल, ते मला पहिल्यांदा दिसलं. मी नशीबवान की मला असा बाप मिळाला, हे मी लोकांना हजारदा सांगितलंय. तुम्हाला एकदाही नाही.

हे पत्र मी टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. पण तुम्ही असतात, अगदी शेजारच्या खोलीत असतात, तरी टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही ते साऱ्या केंद्राला सांगत सुटला असतात. बारशाच्या दिवशी तंडेल इस्पितळातून नुकतेच आले होते. भिंतीला टेकून बसले होते, रंग उतरलेला, मांडीवर माझं बाळ. त्यांच्या बायकोनं आणलेलं आंगडं-टोपडं त्याला घातलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर त्यांना म्हणालात, 'ह्याचे उपकार मान. पोरगी काय, जीव गेला तरी हो म्हणेल, तिच्या होवर मी हललो नसतो. हा रडला, खणखणीत रडला, तेव्हा कळलं आत हवा आहे, आणि मी वर आलो.' तंडेलांनी बाळाचे पाय कपाळाला लावले. सगळ्यांचे डोळे भरले. पुढे कितीतरी वर्षं तुम्ही ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचात, आणि माझा मुलगा आपण जन्मतःच बंबवाला होतो म्हणून कॉलर ताठ करायचा. मी दरवेळी उठून चहा करायला जायचे.

तो रडला नव्हता, बाबा. तो गाढ झोपला होता. दाराशी तुम्ही घुटमळताय हे मला कळलं, तुम्ही जाणार हेही कळलं, आणि तुम्ही आत यावं म्हणून मी त्याच्या मांडीला करकचून चिमटा काढला. तुम्ही ते रडणं ऐकलंत आणि वर गेलात. बरं झालं गेलात.